आठ की सोळा? आधी झाकणाचं विचारा

प्रश्न : दादा, नमस्कार. आम्ही बार्शीचे. मिस्टरांचं कृषी सेवा केंद्र आहे. मुलगी बारावी झाली, पुण्यात बीसीएला प्रवेश मिळालाय, हॉस्टेलवर राहणार आहे. लॅपटॉपसाठी ४० हजार बाजूला काढलेत, ओढूनताणून ४४ पर्यंत जाऊ. दुकानदार म्हणतो ८ जीबी भरपूर झाली, पुढे लागली तर वाढवून देतो. पुण्यात आयटीत असलेला भाचा म्हणतो १६ च्या खाली हातच लावू नका. दीर म्हणतात, माझ्या मोबाइलला १२ आहे आणि एवढ्या पैशांत लॅपटॉपला ८? फसवतायत तुम्हाला. त्यात दुकानदाराच्या कागदावर लिहिलंय ‘मेमरी ५१२ जीबी’. मग ही ८ कुठली आणि ५१२ कुठली? शिवाय मिस्टरांचं म्हणणं, घ्यायचाच तर असा घ्या की दुकानाचे हिशेबही त्यावर होतील, कारण दुकानातला जुना कॉम्प्युटर सुरू व्हायलाच दहा मिनिटं घेतो. काय करू?
गोंधळलेली आई, बार्शी

ताई, नमस्कार.

आधी उत्तर सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला लागायला नको. जमत असेल तर १६ जीबी घ्या. जमत नसेल तर ८ घ्या, पण रॅमची एक जागा रिकामी असलेलाच लॅपटॉप घ्या. आणि ज्यात ८ आहे व पुढे काहीच वाढवता येत नाही, असा लॅपटॉप कितीही देखणा असला, दुकानदार वर बॅग आणि माउस फुकट देत असला, तरी तिथेच ठेवून या. तुमचा दुकानदार आणि भाचा आठ-सोळावरून भांडतायत खरे, पण या मशीनचं झाकण उघडून पुढे रॅम टाकता येते का, हे दोघांपैकी एकानेही विचारलेलं दिसत नाही.

आता ५१२ चं कोडं. कागदावरचे ५१२ जीबी म्हणजे एसएसडी, साठवणीची जागा. ८ जीबी म्हणजे रॅम. दोन्हींना ‘मेमरी’ म्हणायची आपल्याकडे खोड आहे आणि दुकानदार तिचा फायदा घेतात. मोठा आकडा ठळक छापला की गिऱ्हाईक खूश. तुमचं दुकान आहे, म्हणून दुकानाच्याच भाषेत सांगतो. मागे गोदाम, पुढे काउंटर. गोदामात खताच्या गोण्या, बियाण्याच्या पिशव्या, फवारणीच्या औषधांचे खोके. रात्री शटर ओढलं तरी सगळं जागच्या जागी. ते तुमचं ५१२. काउंटरवर मात्र समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाचा माल तेवढा, आणि रात्री काउंटर पुसून रिकामा. ती रॅम. लॅपटॉप बंद केला की तीही अशीच पुसली जाते.

आता समजा मृगाचा पाऊस झालाय आणि सोयाबीनच्या बियाण्याला रांग लागलीय. काउंटरवर तीन जणांचा माल मावतो. चौथा आला की पहिल्याच्या पिशव्या उचलून परत आत ठेवायच्या, चौथ्याच्या आणायच्या. तेवढ्यात पहिला ओरडतो, माझं कुठंय? की पुन्हा उलटी फेरी. पोरगा धावून धावून घामाघूम होतो आणि गल्ल्यात काही पडत नाही. लॅपटॉप ‘हँग’ होतो म्हणजे बऱ्याच वेळा हेच झालेलं असतं. रॅम भरली की विंडोज मागे पडलेल्या खिडक्यांमधला मजकूर साठवणीतल्या एका फाइलमध्ये नेऊन ठेवतं आणि तुम्ही त्या खिडकीवर क्लिक केलंत की परत आणतं. पूर्वीच्या फिरत्या हार्ड डिस्कवर ही ने-आण म्हणजे गोदाम दुसऱ्या पेठेत असल्यासारखी होती. एसएसडीमुळे गोदाम दुकानाच्या मागच्या दाराशी आलं. म्हणूनच हल्ली ८ जीबीचं मशीन रॅम भरल्यावरही एकदम मान टाकत नाही, रडतखडत चालत राहतं. पण मागचं दार म्हणजे काउंटर नव्हे.

तुमचं पत्र आल्यावर घरातला ८ जीबीचा, विंडोज ११ असलेला लॅपटॉप मुद्दाम बंद करून चालू केला. पाच मिनिटं हात लावला नाही. काहीही उघडलेलं नसताना साडेतीन जीबीच्या आसपास रॅम भरलेली होती: विंडोज स्वतः, अँटीव्हायरस, न विचारता सुरू होणारी दोन-तीन ॲप्स. मग क्रोम उघडलं आणि विद्यार्थी उघडतात तसे टॅब उघडले. मेल, कॉलेजचं पोर्टल, यूट्यूबवर एक लेक्चर, दोन गूगल डॉक्स, व्हॉट्सॲप वेब, आणखी दोन-तीन. काटा पावणेसहावर. वर्ड आणि एक जाडजूड पीडीएफ उघडल्यावर सव्वासहा. त्यावर व्हिडिओ मीटिंग चालू केली तेव्हा सातच्या पुढे गेला आणि खिडकी बदलताना तो क्षणभराचा अडखळा यायला लागला. तिथून पुढे प्रोग्रॅमिंगचं एखादं सॉफ्टवेअर उघडलं की गोल चकती फिरते. हे काही फार मोठं काम नाही, ताई. ऑनलाइन लेक्चर ऐकत नोट्स काढणाऱ्या कुठल्याही मुलीचा हा रोजचा संसार आहे.

त्यात आणखी एक बारीक गोष्ट आहे. ८ लिहिलेलं असलं तरी पूर्ण ८ कधीच हाती येत नाहीत. या किमतीच्या लॅपटॉपमध्ये ग्राफिक्ससाठी वेगळं कार्ड नसतं. पडद्यावरचं चित्र काढणारा भाग प्रोसेसरमध्येच असतो आणि तो आपली गरज रॅममधूनच भागवतो. काउंटरचा एक कोपरा वजनकाट्याने कायमचा अडवावा, तसं. काही मशीनवर ८ पैकी साडेसात वापरता येतात, काहींवर कारखान्यातूनच २ जीबी राखून ठेवलेले असतात आणि उरतात सहाच्या आत. १६ मधून दोन गेले तर कळतही नाही. ८ मधून गेले तर चांगलंच कळतं.

‘पण विंडोजला तर ४ जीबीच लागते असं कंपनीनेच लिहिलंय’ असं दुकानदार म्हणेल. खरं आहे, विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने सांगितलेली किमान रॅम ४ जीबीच आहे. विंडोज ९५ ची ४ एमबी होती आणि एक्सपीची ६४ एमबी. तेव्हाही एवढ्यावर मशीन सुरू व्हायचं आणि मग आपण चहा करून आणायचो. किमान म्हणजे दिवाळीत एसटीत पाय ठेवायला जागा मिळणं. पुण्यापर्यंत उभं राहून जाता येतं, नाही असं नाही. आता वरच्या टोकाचंही बघा. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने एआयवाल्या ‘कोपायलट प्लस’ लॅपटॉपसाठी १६ जीबीची अट घातली, आणि रॅमच्या बाबतीत वर्षानुवर्षं हात आखडता घेणाऱ्या ॲपलनेही ऑक्टोबर २०२४ मध्ये मॅकबुक एअरची सुरुवात ८ वरून १६ वर नेली. तुम्हाला यातलं काही घ्यायचं नाही. पण सॉफ्टवेअर बनवणारे पुढची चार-पाच वर्षं कुठला आकडा गृहीत धरून लिहिणार, याचा अंदाज त्यावरून येतो. आणि तुमच्या लेकीला हे मशीन निदान तेवढी वर्षं पुरवायचंय.

आता दिरांचा मोबाइल. त्यांना सांगा, तुमचे १२ खरे असतील तर चांगलंच आहे, पण आधी सेटिंग उघडून बघा. बऱ्याच फोनच्या जाहिरातीत ‘६ अधिक ६’ असा हिशेब करून १२ सांगतात. त्यातले पहिले ६ खरी रॅम आणि पुढचे ६ म्हणजे साठवणीतलीच जागा उसनी घेऊन तिला रॅम म्हटलेलं. गोदामाच्या दारात सतरंजी टाकून तिला काउंटर म्हणावं, तसं. दुसरं म्हणजे फोन एका वेळी एकच ॲप समोर ठेवतो आणि मागची ॲप्स झोपवतो किंवा सरळ मारून टाकतो. म्हणून तर एखादा फॉर्म भरता भरता दुसऱ्या ॲपमध्ये जाऊन परत आलं की कधीकधी तो पुन्हा पहिल्यापासून भरावा लागतो. लॅपटॉपवर आपण असं खपवून घेत नाही. डावीकडे लेक्चर, उजवीकडे वही, मागे गाणं. तेव्हा दोन आकडे शेजारी ठेवून तुलना होत नाही. पण दिरांची शंका अगदीच वाया गेलेली नाही. २०२० च्या आसपास ८ जीबी भरपूर वाटायची, आज ती तशी नाही, एवढं त्यांना बरोबर कळलंय.

आता तुमच्या पत्रातली एक गंमत. दुकानदार काय म्हणतो, भाचा काय म्हणतो, दीर, मिस्टर, सगळ्यांचं लिहिलंत. जी हा लॅपटॉप वापरणार तिचा एक शब्द नाही! तिला कॉलेजच्या संकेतस्थळावरून अभ्यासक्रम काढायला लावा आणि तिन्ही-चारही वर्षांचे प्रॅक्टिकलचे विषय वाचा. सी, सी प्लस प्लस, पायथन, एचटीएमएल, थोडं डेटाबेसचं काम, एवढंच असेल तर ८ जीबीवर निभावतं, अगदी आरामात नाही पण निभावतं. ‘अँड्रॉइड ॲप डेव्हलपमेंट’ असा विषय दिसला तर मात्र १६ शिवाय पर्याय नाही. त्यासाठी लागणारं अँड्रॉइड स्टुडिओ ८ जीबी किमान मागतं, आणि संगणकाच्या पडद्यावर खोटा मोबाइल उभा करून त्यात ॲप चालवून बघायचं असेल तर १६. ८ जीबीच्या मशीनवर तो खोटा मोबाइल सुरू होईपर्यंत खरा मोबाइल चार्ज होतो. एका मशीनच्या पोटात दुसरं मशीन चालवायचं काम असेल (नेटवर्किंग आणि लिनक्स शिकवताना ते करतात), तेव्हाही तेच, कारण एका काउंटरची दोन दुकानांत वाटणी होते. एआयची भीती मात्र सोडा. चॅटजीपीटीसारखी साधनं ब्राउझरमधून वापरायला जास्त रॅम लागत नाही. ती बनवणाऱ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालतात, तुमच्या नाही.

पहिल्या वर्षात यातलं फारसं काही नसतं, म्हणून ८ वर सुरुवात करून दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी १६ करायची हा विचार चुकीचा नाही. तुमचा दुकानदार तेच तर म्हणतोय. प्रश्न एवढाच की त्याच्या हातातल्या त्या मशीनवर ते शक्य आहे का.

पूर्वी लॅपटॉप उलटा केला की रॅमसाठी छोटी खिडकी असायची. दोन स्क्रू काढले की बोटभर लांबीची हिरवी पट्टी दिसायची. दोन्ही बाजूंच्या चिमट्या बाहेर दाबल्या की पट्टी आपसूक तिरकी उभी राहायची. नवी पट्टी तशीच तिरकी सरकवायची, खाली दाबायची, चिमट्या टक् करून बसल्या की झालं. पाच मिनिटांचं काम. हल्ली लॅपटॉप पातळ करायच्या नादात अनेक कंपन्या रॅमचे काळे चौकोन थेट मुख्य बोर्डावर डाग देऊन बसवतात. पट्टी नाही, खोबण नाही, चिमट्या नाहीत. अशी रॅम वीज कमी खाते, जागा कमी घेते, काही बाबतींत वेगवानही असते. कंपनीचा त्यात निव्वळ दुष्टपणाच आहे असं मी म्हणणार नाही. पण ती वाढवता येत नाही आणि बिघडली तर बोर्डाचाच खर्च.

दोन वर्षांपूर्वी एक गृहस्थ लॅपटॉप घेऊन आले होते. चंदेरी, वजनाला हलका, मुलाच्या इंजिनिअरिंगसाठी घेतलेला. म्हणाले, दुकानदाराने सांगितलंय ८ ची १६ होते, तेवढी करून द्या. मी मागचं झाकण उघडलं. बॅटरी, पंखा, बोर्ड, आणि पंख्याशेजारी ओळीने चार काळे चौकोन. खोबण कुठेच नाही. त्यांना बोलावून दाखवलं. बराच वेळ ते आत बघत राहिले, कुठेतरी जागा निघेल अशा आशेने. मग म्हणाले, ‘पण तो वाढवून देतो म्हणाला होता.’ मी झाकण बसवलं आणि पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून कुणी ‘पुढे वाढवू’ म्हटलं की मला ते चार चौकोन आठवतात.

तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून दुकानात हे करा. मॉडेलचं पूर्ण नाव, त्याच्या शेपटीच्या अक्षर-आकड्यांसकट, मागून घ्या. एकाच नावाखाली चार प्रकारची मशीनं विकतात. त्यातल्या एकात खोबण असते आणि दुसऱ्यात नसते. कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलचा तपशील काढायला लेकीला सांगा. तिथे रॅमपुढे ‘सोल्डर्ड’ किंवा ‘ऑनबोर्ड’ लिहिलं असेल आणि स्लॉटचा, म्हणजे खोबणीचा, उल्लेख नसेल तर विषय संपला. ‘एलपीडीडीआर’ असं ‘एलपी’ने सुरू होणारं नाव दिसलं तरी जवळजवळ नक्कीच बोर्डावर डागलेली. ‘८ जीबी ऑनबोर्ड अधिक एक स्लॉट’ असेल तर उत्तम; पुढे त्या स्लॉटात ८ ची पट्टी टाकली की झाले १६. ‘एसओ-डिम’ (म्हणजे काढता-घालता येणारी पट्टी) आणि दोन स्लॉट असं असेल तर त्याहून उत्तम. कमाल किती चालते तेही तिथेच लिहिलेलं असतं, ते वाचा.

दुकानात मशीन चालू असेल तर आणखी एक. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात ‘परफॉर्मन्स’, मग ‘मेमरी’. खाली बारीक अक्षरांत ‘स्लॉट्स यूज्ड’ दिसतं. ‘२ पैकी १’ असेल तर एक जागा रिकामी. त्याच्याच खाली ‘फॉर्म फॅक्टर’पुढे ‘रो ऑफ चिप्स’ लिहिलेलं असेल तर तेच ते चौकोन. हा स्लॉटचा आकडा कधीकधी मशीन चुकीचा सांगतं, म्हणून कंपनीचं पान आधी आणि हे नंतर. बारीक अक्षरं वाचता येत नसतील तर मोबाइलने फोटो काढा. दुकानदाराला वाटेल ताईंना सगळं कळतं. वाटू द्या.

आता पैशांचं. इथे मला माझाच जुना सल्ला मागे घ्यावा लागतोय. वर्षानुवर्षं मी लोकांना सांगत आलो की ८ घ्या, रॅम दरवर्षी स्वस्त होते, दोन वर्षांनी निम्म्या पैशात टाकून घ्या. २०२५ च्या उत्तरार्धात ते गणित फिरलं. जगातली बहुतांश रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. एआयसाठी उभ्या राहणाऱ्या डेटा सेंटरना प्रचंड रॅम लागते आणि ती मंडळी भाव करत बसत नाहीत, तेव्हा कारखान्यांनी मोहरा तिकडे वळवला. किरकोळ बाजारात पट्ट्यांचे भाव काही महिन्यांत भडकले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रुशल’ या नावाने ग्राहकांना विकायच्या रॅमचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटर बाजारापासून बार्शीच्या दुकानापर्यंत सगळीकडे चालणारं नाव होतं ते. सोयाबीनचा भाव पुढच्या वर्षी काय असेल हे जसं मी सांगू शकत नाही, तसंच याचं. पण ‘नंतर स्वस्तात टाकू’ या भरवशावर आज निर्णय घेऊ नका.

म्हणून असं करा. एकाच मॉडेलच्या ८ आणि १६ च्या किमतीतला फरक विचारा. मग दुसऱ्या दुकानात त्याच मशीनला चालणारी ८ ची सुटी पट्टी कितीला आहे ते विचारा, बसवण्याच्या मजुरीसकट. कंपनीकडूनच १६ घेतल्याचा जादा खर्च पट्टीएवढा किंवा थोडासा जास्त असेल तर डोळे झाकून १६ घ्या. पूर्ण मशीनला एकच वॉरंटी, डोक्याला ताप नाही. फरक पट्टीच्या किमतीच्या बराच वर असेल तर रिकाम्या स्लॉटचा ८ चा घ्या आणि उरलेले पैसे बाजूला ठेवा. तुमच्या ४४ हजारांत १६ चा बसला तर ते ४ हजार वाया गेले असं मुळीच समजू नका. त्यासाठी काय सोडायचं तेही सांगतो: टचस्क्रीन, बोटाच्या ठशाने उघडणं, चकचकीत धातूचं झाकण, मागाहून वापरणारच नाही ते सॉफ्टवेअर. आणि ५१२ ऐवजी २५६ चा एसएसडी मिळून १६ ची रॅम येत असेल तरीही घ्या, एसएसडी बदलता येतो एवढं विचारून.

मात्र १६ या आकड्याला भुलून भलतंच मशीन घेऊ नका. काही दुकानदार अशक्त प्रोसेसरच्या लॅपटॉपमध्ये १६ जीबी टाकून ‘सोळावाला’ म्हणून खपवतात. अशा प्रोसेसरची सेलेरॉन, पेंटियम ही जुनी नावं इंटेलने २०२३ पासून नव्या लॅपटॉपवरून काढली. त्यांच्या जागी नुसतं ‘इंटेल प्रोसेसर’ आणि ‘एन’ने सुरू होणारा नंबर येतो. शाळेतल्या पोराला ठीक, बीसीएच्या मुलीला तो चार वर्षं पुरणार नाही. काउंटर लांबलचक आणि मागे एकच म्हातारा नोकर, अशी गत होते. साठवणीपुढे ‘ईएमएमसी’ (एसएसडीपेक्षा संथ साठवण) लिहिलेलं दिसलं तरी तिथून उठा. इंटेलच्या आय-३ किंवा एएमडीच्या रायझन ३ प्रोसेसरच्या गेल्या दोन-तीन वर्षांतल्या पिढीचं, ८ जीबी आणि एक रिकामा स्लॉट असलेलं मशीन अशा ‘सोळावाल्या’पेक्षा केव्हाही सरस.

पुढे पट्टी टाकायची वेळ आलीच तर लक्षात ठेवा, डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या दोन पिढ्यांची अदलाबदल होत नाही. पट्टीच्या सोनेरी दातांमध्ये एक खाच असते आणि दोन्हींची खाच वेगळ्या जागी. माझ्याकडे एक मुलगा डीडीआर४ ची पट्टी डीडीआर५ च्या खोबणीत जोर लावून बसवायचा प्रयत्न करून आला होता. पट्टी शाबूत होती, खोबणीचे दोन दात वाकले होते. बसत नसेल तर ती त्याची नाही, एवढंच. वॉरंटी चालू असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधूनच टाकून घ्या आणि पावती ठेवा. एक ८ असलेल्या मशीनमध्ये दुसरी ८ टाकल्यावर प्रोसेसर दोन्हींशी एकाच वेळी बोलतो, त्यामुळे वाढीबरोबर थोडा वेगही पदरात पडतो, विशेषतः पडद्यावरच्या चित्राचा.

आता मिस्टरांचं. लेक पुण्यात हॉस्टेलवर आणि दुकानाचे हिशेब तिच्याच लॅपटॉपवर, हे कसं जमवणार आहात? ती दर शनिवारी बार्शीला येऊन बिलं भरणार का? आणि पेरणीच्या दिवसांत तुमची गर्दी असते तेव्हाच तिच्या परीक्षा असतात. तिचा लॅपटॉप तिला द्या. दुकानातला कॉम्प्युटर सुरू व्हायला दहा मिनिटं घेतो म्हणजे त्यात अजून फिरती हार्ड डिस्क असणार. त्यात २५६ जीबीचा साधा एसएसडी टाकून घ्या, आणि रॅम ४ असेल तर जुन्या बाजारातून त्याच जातीची आणखी एक पट्टी. फार खर्च नाही, आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरला एवढं भरपूर होतं. त्यावर विंडोज १० असेल तर एक लक्षात ठेवा: त्याला सुरक्षेची मोफत दुरुस्ती देणं मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवलं. मशीन इंटेलच्या आठव्या पिढीचं किंवा नंतरचं असेल तर बहुधा विंडोज ११ चढेल. नसेल तर बँकेचे व्यवहार त्यावरून करू नका. बिलं छापायला राहू द्या.

लेकीने ८ वालाच घेतला तर पहिल्या दिवशी दोन गोष्टी करायला सांगा. टास्क मॅनेजरमध्येच ‘स्टार्टअप ॲप्स’ असं पान आहे, तिथून मशीनबरोबर आपोआप सुरू होणारी नको ती ॲप्स बंद करायची. आणि क्रोमच्या सेटिंगमध्ये ‘मेमरी सेव्हर’ चालू करायचं. न बघितलेले टॅब ते झोपवून ठेवतं. रॅमचा काटा ७० टक्क्यांवर दिसला म्हणून मात्र घाबरायचं नाही. रिकामी रॅम विंडोज स्वतःहून कामाला लावतं, काउंटरवर रोज खपणाऱ्या चार वस्तू मांडून ठेवाव्यात तशी. काटा सतत ९० च्या वर आणि हाताखाली मशीन अडखळतंय, असं आठवड्यातून चार दिवस व्हायला लागलं की रिकाम्या स्लॉटाची वेळ झाली म्हणायची.

आणि घरी आणल्या आणल्या, त्याच संध्याकाळी, ती तीन बटणं पुन्हा दाबून बघा. १६ चे पैसे दिले असतील आणि १५.७ किंवा १३.९ दिसले तर काळजी नको, उरलेले ग्राफिक्सने राखलेत. ७.७ दिसले तर दुसऱ्या दिवशी सकाळी बिल आणि खोकं घेऊन दुकानात उभ्या राहा. बिलावर मॉडेल नंबर आणि रॅमचा आकडा लिहून घेतलेला असू द्या, आणि आत थर्माकोल असतो त्या खोक्याला महिनाभर तरी मिस्टरांना रद्दीत काढू देऊ नका.